वायसर कातडी होतं तेव्हा

आमच्या सांगोल्याकडं पाणी आणि तेल, दोन्ही सांडून परवडत नाही. त्यामुळं गळती थांबवणाऱ्या बारीकसारीक वस्तूंची कदर इथं पहिल्यापासून. फक्त त्या वस्तू पार बदलून गेल्या.

विहिरींवर मोटा होत्या तेव्हा सगळा कारभार कातड्याचा. खिलारी बैल, नाडा, सोंदूर आणि तेल पाजून मऊ ठेवलेली मोट. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास गावोगाव बोअर पडले, हापसे आले. बिडाचे जुने हापसे गावच्या वापराला टिकेनात. तेव्हा पोलादी डोक्याचा मजबूत पंप घडला तो आपल्याच सोलापुरात. पुढं जगभर गेलेल्या ‘इंडिया मार्क-२’चा पाया हाच सोलापूर पंप, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

त्या हापशाच्या पोटातही कातडंच होतं. वाटीच्या आकाराचं वायसर. जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं सैल. जाणता मेकॅनिक दोन बोटांत वाकवूनच फरक सांगायचा. नवं वायसर आधी भिजत घालायचं, मऊ झालं की मगच बसवायचं. उन्हाळ्यात बोअर आटून हापसा बंद पडला की वाटी वाळून आकसायची. पुढं पाणी आलं तरी दांडा नुसता वर-खाली.

इंजिनं आणि पंपांचीही तीच तऱ्हा. फिरत्या शाफ्टला कुठं कातड्याचं कडं, कुठं नमदा, तर पंपाच्या ग्लँडला ग्रीस चोपडलेली दोरी. ती थेंब थेंब गळू द्यायची असते, हे नवख्याला पटायचं नाही. तो पान्यानं नट आवळायचा आणि शाफ्ट तापून दोरी करपायची.

बदलाची सुरुवात लांब जर्मनीत झाली. फ्रॉइडेनबर्ग हा मूळचा चामडं कमावणारा कारखाना. तिथं आधी फिरत्या शाफ्टसाठी कातड्याच्या ओठाचे सील निघाले आणि १९३६ पासून कृत्रिम रबराचे. हापशात रबर यायला मात्र १९८० चं दशक उजाडलं. कोइमतूरकडं झालेल्या चाचण्यांत नायट्रिल रबराच्या वाट्या कातड्यापेक्षा जास्त टिकल्या आणि ‘मार्क-३’ मध्ये त्यांनी जागा घेतली.

आता सांगोल्यात स्पेअरपार्टच्या कुठल्याही दुकानात खिळ्याला सील टांगलेले दिसतात. बाहेर कडं, आत रबराचा ओठ, ओठामागं बारीक गोल स्प्रिंग. खरी गंमत पुढं आहे. कातडं बघून कळायचं, रबर बघून कळत नाही. गिअरबॉक्सला, हबला साधं नायट्रिल पुरतं. पण तेल सतत १०० अंशांच्या वर तापू लागलं की ते कडक होतं आणि ओठाला तडे जातात. त्याच्या वर ॲक्रिलिक, साधारण १५० पर्यंत. २०० अंश सोसायचे तर व्हायटॉन. क्रँकसारख्या तापत्या जागी तेच. हातात घेतलं तर ते नायट्रिलपेक्षा जड लागतं आणि किमतीलाही कितीतरी जड. ब्रेक ऑईलला ईपीडीएम रबर चालतं, पण तेच इंजिन ऑईलमध्ये टाकलं तर फुगून बसतं. डाळिंबावर फवारणीची काही औषधं सॉल्व्हंटमध्ये बनवलेली असतात. ती नायट्रिललाही फुगवतात. बागायतदार पंपाला दोष देतो, चूक असते रबराच्या निवडीची.

जुनं सगळं सोनं होतं असं म्हणणार नाही. कातडं वाळायचं, उष्णता सोसायचं नाही आणि गळती ठरलेली. रबरानं मोठी सोय केली. मात्र कातड्याच्या काळात वस्तू हाताळून घ्यायची जी सवय होती, ती आपण ‘मापाचा द्या’ एवढ्यावर आणून ठेवली. सीलवरचा ३५×५२×७ हा आकडा शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सांगतो, तोही मिलिमीटरमध्ये. रबर कुठलं, ते तो सांगत नाही. रंगावरही जाऊ नका. तपकिरी दिसलं म्हणजे व्हायटॉन असं नाही. आणि ओळखायला काडी लावून बघायचा उद्योग तर नकोच, जळत्या व्हायटॉनचा धूर विषारी असतो.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात जुना सील घेऊन जा आणि तीन गोष्टी स्वतःहून सांगा: आत तेल कुठलं, तापतं किती, शाफ्ट फिरतो किती वेगानं. दुकानदारानं हे विचारलंच नाही, तर दुसरं दुकान बघा.