खालचा ओठ

बाबांच्या खालच्या ओठावरचा पांढुरका चट्टा आधी आईला दिसला. त्याच रात्री मी त्यांच्या शर्टाचे खिसे तपासले. पुडी सापडली नाही, तरी शंका गेली नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, पण ओठावर चट्टा म्हणजे तंबाखू, हे आपलं गणित पक्कं आहे.

"बाबा, खरं सांगा, कधीपासून खाता?"

ते अर्ध्या ताटावरून उठले.

ओठ कायम कोरडा, खरखरीत. तूप लावून झालं, व्हॅसलीन झालं. शेवटी इथेच शीवमध्ये त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही पहिल्यांदा तंबाखूच विचारला. नाही म्हटल्यावर विचारलं, "उन्हात काम असायचं का?"

बाबा बँकेत होते. पण शनिवार-रविवार अंपायर. शिवाजी पार्क, दडकर, आझाद मैदान, एकतीस वर्षं. डोक्यावर टोपी असायची, पण तिची सावली जेमतेम नाकापर्यंत.

डॉक्टर म्हणाले, अ‍ॅक्टिनिक कीलायटिस. वर्षानुवर्षांच्या उन्हानं ओठाच्या पेशी बिघडतात. खालचा ओठ पुढे आलेला, त्यावर ऊन थेट पडतं. त्याची कातडी पातळ आणि तिच्यात मेलॅनिन कमी. ओठ कुठे संपतो आणि त्वचा कुठे सुरू होते ती रेघही पुसट होत जाते. बाबांची झाली होती. रोज बघून आम्हाला कळली नव्हती. हा आजार गोऱ्या कातडीच्या लोकांत जास्त, आपल्याकडे कमी, म्हणून पटकन कुणाच्या मनात येत नाही. हा कर्करोग नव्हे, पण त्यातून होऊ शकतो. म्हणून तुकडा तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंत बाबा रोज संध्याकाळी शीवच्या किल्ल्यावर जाऊन बसायचे. मी सोबत जायचे. बोलणं काही नाही.

कर्करोग निघाला नाही. लावायला मलम मिळालं, दर काही महिन्यांनी दाखवायला सांगितलं. मी रुंद काठाची टोपी आणि ओठांचं सनस्क्रीन आणलं. त्या दिवशी किल्ल्यावर म्हटलं, "बाबा, मी खिसे तपासले होते."

"माहीत आहे," ते म्हणाले. "घडी बदलली होती." मग थोड्या वेळानं, "शंका असली की फलंदाजाला नाबाद द्यायचं असतं गं."

आता चपला घालतानाच ते ओठाला सनस्क्रीन लावतात. मी बघते आहे ना, हे बघून.