न दिसणारे मीटर

मध्यमवर्गीय माणसाला मीटरचे वावडे कधीच नव्हते. त्याचे उभे आयुष्य मीटरच्या साक्षीने जाते. जिन्याखाली विजेचे मीटर, रस्त्यावर रिक्षाचे मीटर, आणि दुधाचा खाडा पडला की कॅलेंडरवर मारलेली फुली. जितके वापरले तितके मोजायचे, हा न्याय त्याला लहानपणापासून मान्य असतो. मग घरच्या इंटरनेटचे बिल वापराप्रमाणे आले की तोच माणूस एवढा का चिडायचा?

वरवर पाहता कारण पैशाचे. पण पैसे तर विजेलाही पडतात. फरक आहे तो पडताळ्याचा. हजार वॅटचा गिझर तासभर चालला की एक युनिट, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आहे की नाही, ते दारात वजन करून दाखव, असे सिलिंडर आणणाऱ्याला सांगता येते. पेट्रोल पंपावर शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून मागता येते. वाण्याच्या तराजूवर वजनमाप खात्याचा शिक्का असतो. जो पैसे मोजतो त्याला माप पाहता येते, एवढ्यावरच तर बाजाराचा विश्वास उभा असतो.

टेलिफोनच्या जमान्यातही थोडीफार तीच रीत होती. एसटीडी बूथच्या काचेआड लाल आकडे पळत असायचे. गावाकडच्या आईशी बोलताना एक डोळा त्या आकड्यांवर ठेवायचा आणि खिशातली नोट संपत आली की "बरं, ठेवते गं" म्हणून रिसीव्हर खाली ठेवायचा. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा तेही तासांवर विकले जाई. मोडेम कुरकुरत जोडणी करी आणि जोडणी झाली की दोन घड्याळे एकदम सुरू होत : एक इंटरनेटच्या तासांचे, दुसरे टेलिफोनच्या कॉलचे. खर्च दुहेरी होता, तरी घड्याळ होते, आणि घड्याळ घरातल्या आजीलाही वाचता येते.

२००५ पासून घरोघर ब्रॉडबँड येऊ लागले आणि अनेक योजनांत घड्याळाची जागा एमबीने घेतली. महिन्याला अमुक एवढा वापर ठरलेल्या भाड्यात, त्यापुढे प्रत्येक एमबीला जादा आकार. त्या वेळच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँडचा किमान वेग २५६ केबीपीएस होता. आज तो कासवाचा वाटेल. पण त्याही वेगाने माहिती सतत उतरत राहिली, तर एक जीबीची महिन्याची शिदोरी साधारण नऊ तासांत संपे. त्यापुढे एमबीला एक रुपया धरला, तर दर अर्ध्या मिनिटाला एक रुपया! पुढे हाच वेग आठपट, म्हणजे दोन एमबीपीएस झाला. ग्राहक खूश झाला. पण नळ मोठा झाला तरी हंडा तेवढाच आहे, हे त्याच्या लक्षात यायला एक बिल यावे लागले. नऊ तासांची शिदोरी आता सत्तर मिनिटांत संपत होती.

त्यातून काही घरांनी अजब दिनक्रम बसवले. ज्या योजनांत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेची मोजणी होत नसे, तिथे कॉलेजची मुले दोनचा गजर लावून उठत, संगणक चालू करून पुन्हा झोपत आणि आठच्या ठोक्याला आई न विसरता मोडेमची पिन काढी.

नाशिकच्या एका घरातली २००८ सालची गोष्ट. नेहमी सहाशेच्या आसपास येणारे बिल त्या महिन्यात तेवीसशेवर गेले. घरात इंजिनिअरिंगला गेलेला नातू होता. साहजिकच सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"रात्रभर काय उतरवत बसतोस रे?" वडिलांनी विचारले.

"बाबा, खरंच नाही. मी तर दहालाच झोपतो."

"खोटं बोलू नकोस," आजोबा म्हणाले. "आकडे खोटं बोलत नाहीत."

आजोबांनी बँकेत छत्तीस वर्षे खातेवह्या जुळवलेल्या. त्यांनी कंपनीच्या कार्यालयात खेटे घालून वापराचा तपशील मिळवला आणि फूटपट्टी ठेवून ओळ न ओळ पेन्सिलीने तपासली. रात्रीचा वापर नाममात्र होता. भर होता तो सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेवर. त्या वेळी नातू कॉलेजात, मुलगा कचेरीत आणि सूनबाई शाळेत शिकवायला. घरी कोण? आजोबाच! जेवण झाले की ते संगणकावर पत्त्यांचा डाव मांडत. त्या डावाला इंटरनेटची गरज नव्हती. पण संगणक चालू, मोडेम चालू, आणि पडद्यामागे संगणक आपल्या आपण नवी सॉफ्टवेअरे उतरवून घेत होता. अर्धवट तुटले की पुन्हा पहिल्यापासून. कशासाठी किती एमबी गेले, हे त्या यादीतही नव्हते.

आजोबांनी बिल आपल्या पेन्शनमधून भरले. पण "खोटं बोलू नकोस" हे वाक्य कोणत्या रकान्यात वजा दाखवायचे, ते बँकेने त्यांना शिकवले नव्हते. नातू पुढे काही महिने अभ्यासासाठी तासाला पंधरा रुपये देऊन सायबर कॅफेत बसत राहिला. घरात विचारले तर म्हणे, "इथे मीटर चालतं, तिथे निदान घड्याळ दिसतं."

खरे दुखणे हेच होते. वीज जास्त जळली तर दिवा कुणी चालू ठेवला ते दिसते. एमबी मात्र कुणी बटण दाबले म्हणून जातो, कधी न दाबताही जातो, आणि वायफायला पासवर्ड नसेल तर शेजारच्याकडेही जातो. माप कंपनीकडे आणि संशय घरात, अशी ती वाटणी होती. मग मुलगी मैत्रिणीशी बोलताना चोरटी होते, आणि परदेशातल्या लेकीचा चेहरा पाहायला आसुसलेली आई "राहू दे, बिल येईल" म्हणून मागे सरते.

दिवस बदलले. शहरांत घरी फायबर आले आणि बहुतेक योजना आता 'अमर्याद' या नावाने विकल्या जातात. तरी बारीक अक्षरात मर्यादा असतेच. अनेक योजनांत ती महिन्याला ३३०० जीबी असते. पुढे वेग उतरतो. उत्तम प्रतीच्या चित्रणाला तासाला तीनेक जीबी लागतात, म्हणजे एक टीव्ही महिनाभर रात्रंदिवस चालला तरी एवढा साठा संपायचा नाही. पण ज्या घरात फायबर नाही आणि मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीवरच मुलाचा वर्ग, वडिलांचे काम नि आजीचे कीर्तन चालते, तिथे जुनी ओढाताण अजून संपलेली नाही.

ग्राहक अगदीच निराधार नाही. मोजणी आणि बिले अचूक असावीत यासाठी ट्रायने २००६ साली आचारसंहिता केली. मर्यादा संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये आणि मर्यादा जवळ आल्याची सूचना ग्राहकाला द्यावी, असे २०१६ साली कंपन्यांना बजावले. बिलाबद्दल शंका असेल तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान झाले नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन मार्ग सांगते. टेलिकॉम सेवेची तक्रार ग्राहक आयोगापुढे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

पण या साऱ्याच्या आधी एक काम घरातच करण्यासारखे आहे. योजना घेताना मर्यादा किती, ती संपल्यावर जादा आकार पडणार की वेग उतरणार, हे विचारून कागदावर लिहावे आणि तो कागद फ्रिजवर चिकटवावा. कंपनीच्या ॲपवर वापर पाहायला घरातल्या प्रत्येकाला शिकवावे, अगदी आजीलाही. मोबाईलमधले फोटो नि व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे, वायफायचा पासवर्ड बदलावा. आणि बिल अचानक फुगलेच, तर आधी तपशील मागवावा, माणसाला जाब नंतर विचारावा. बिलातली चूक पुढच्या महिन्यात दुरुस्त होऊ शकते; घरच्या माणसावर एकदा घेतलेला संशय इतक्या सहज वजा होत नाही.