हाडाला धरून

"लोहाऱ्याला? तिथे पाहण्यासारखे काय आहे?" सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. यवतमाळ शहराला लागून, दारव्ह्याच्या रस्त्यावर वसलेले हे गाव. तिथे आम्ही निघालो होतो ते लेणी किंवा किल्ला पाहायला नव्हे, तर औद्योगिक वसाहतीच्या बाजूला. मला पाहायचा होता एक लोखंडी पाईप. आणि त्याला कारणही तसेच घडले होते.

आमच्या ताईच्या मुलाने शेतीच्या कामासाठी जुनी जीप घेतली. गेल्या आषाढात तो मला शेत दाखवायला घेऊन निघाला. वाट काळ्या मातीची. काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली ही माती पाणी प्यायली की फुगते, आणि उन्हाळ्यात सुकली की तिला भेगा पडतात. कपाशीची ती आई. चाकाची मात्र सावत्र आई! आधी एका दगडावर जीपची कूस घासली. दाराखालचा पत्रा असा चेपला की दार उघडेना. तिथून सुटलो, तो पुढच्या चिखलात चारही चाके आसापर्यंत रुतली.

शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आला, साखळी आली. घाईघाईने आम्ही तिचा आकडा मागच्या बंपरात अडकवला. भाचा ट्रॅक्टरपाशी उभा राहून हात हलवू लागला. ट्रॅक्टरने हिसका दिला. 'खाड्' असा आवाज झाला, बंपर फाटला, आणि तो आकडा भाच्याच्या कानाजवळून सणसणत जाऊन बाभळीच्या खोडावर आदळला. जीप जागच्या जागी. भाचा हसला. मला मात्र बराच वेळ बोलता आले नाही.

म्हणून ही लोहाऱ्याची वारी. पत्र्याच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात वखराच्या पासा धार लावायला येऊन पडल्या होत्या. त्यांच्याच शेजारी आमची जीप उभी राहिली. मिस्त्रींनी खाली वाकून तिची पाहणी केली आणि म्हणाले, "सर, पत्र्याले पाईप लावाचा नाही. दगड लागला का पाईपासंगं पत्राबी आत जाते. हे पाहा चासी. हे गाडीचं हाड. लावाचं ते हाडाले."

1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली, तेव्हापासून या जातीच्या गाड्यांची घडण तीच आहे: खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा आणि त्यावर ठेवलेला पत्र्याचा देह. शहरी मोटारींना बहुधा असा वेगळा सांगाडा नसतो, त्यांचा देहच सारा भार वाहतो. त्यांना असे पाईप लावता येत नाहीत. शौकीन मंडळी या पाईपांना 'रॉक स्लायडर' म्हणतात. मिस्त्रींच्या तोंडी 'साईड पाईप'. त्यांनी पाईपाला पाय जोडले ते गाडीपासून दूर, फरशीवर. चासीवर वेल्डिंगचा डाग नाही की नवे भोक नाही. मुळात असलेल्या भोकांतूनच बोल्ट आवळले. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी मोकळी ठेवली. पत्रा आणि पाईप यांच्यात बोटभर फट राखली, कारण खडबडीत वाटेवर देह आणि सांगाडा वेगवेगळे हलतात.

पुढेही जाड पाईप लावावा, अशी भाच्याची हौस होती. मिस्त्रींनी ती तिथेच मोडली. 2017 च्या डिसेंबरात केंद्राने अशा 'क्रॅश गार्ड'वर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे. पायी चालणाऱ्याला तो घातक. आणि एअरबॅगच्या गाडीत ती पिशवी वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलमही मनमानी फेरफाराला आडवे येते. म्हणून बाजूच्या पाईपांविषयी आम्ही परिवहन कार्यालयात आधी विचारूनच आलो होतो.

मग निघाली ओढण्याची गोष्ट. मी आकड्याची हकीकत सांगितली. मिस्त्रींच्या हातातला पाना थांबला. "बंडी फसली तं साट्याले दोर बांधते का कोनी? धुरीले बांधते. मंग गाडीले कावून बंपरले बांधता?" मी मराठीचा प्राध्यापक, उत्तर सुचले नाही. त्यांनी चासीला पुढे-मागे जाड कड्या बसवल्या. साखळी काढून टाकायला लावली आणि नायलॉनचा रुंद पट्टा दाखवला. साखळी ताणली जात नाही, म्हणून हिसक्याचा सारा मार जोडावर बसतो. हा पट्टा सुमारे पाचव्या हिश्शाने लांबतो आणि गाडीला रबरासारखा उचलून घेतो. तरीही त्यावर मधोमध ओले पोते टाकायचे, म्हणजे तुटलाच तर तो उसळण्याऐवजी खाली पडेल. आणि पट्ट्याच्या दीडपट अंतराच्या आत कोणी उभे राहायचे नाही. "आन् पहिले फावडं," मिस्त्री म्हणाले. "चाकाम्होरचा गारा काढा, टायरची हवा तीसवरून वीसवर आना. अर्ध्या वेळा पट्टा लागतच नाही. पक्क्या सडकेवर याच्या आंधी हवा भरून घ्या. घाई करू नोका."

शेवटी त्यांनी पाईपाखाली जॅक लावला. जीपची सबंध कूस वर उचलली गेली. "आता दार उघडा," ते म्हणाले. भाच्याने दार ओढले. ते अलगद उघडले.

परतताना भाचा जीप सावकाश चालवत होता. घरी सौभाग्यवतींनी पुन्हा विचारले, "काय पाहिलेत?" मी म्हणालो, "संकटात कुणाला ओढून काढायचे, तर कुठे धरावे, ते."

आकड्याची हकीकत ताईला आम्ही अजून सांगितलेली नाही. पण ती दिवाळी अंक पानन्‌पान वाचते; म्हणजे आता कळेलच. ताई, रागवायचे असेल तर मला रागव. पोराच्या जीपमध्ये फावडे आणि ओले करायचे पोते आहे की नाही, ते मात्र दर आषाढात तूच पाहा.