ओवीएवढा श्वास

मला मे २०१६ची तारीख दिली होती. रीतीप्रमाणं पहिलं बाळंतपण माहेरी, लातूरला व्हायचं. पण त्या उन्हाळ्यात लातूरच्या नळांना पाणी नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वॅगनची, पाच लाख लिटरची. त्याच आठवड्यात आईचा फोन आला, "बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालू? मीच येते." अहमदपूर, लोहा करत एसटीनं ती माझ्याकडं नांदेडला आली. पिशवीत डिंक, खोबरं, बाळंतशेपा आणि जुन्या लुगड्याची मऊ दुपटी होती.

आमच्या भागात बहुतेक बायका कळा कमी करायच्या औषधाविनाच बाळंत होत आल्यात. मी नाव घातलेल्या दवाखान्यातही पाठीतल्या इंजेक्शनची सोय नव्हती. म्हणजे कळा सोसायच्या हे ठरलेलंच होतं. पण त्या कशा सोसायच्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "बाईच्या जातीला येतंच ते," एवढंच ऐकलं होतं.

मी प्रश्न वहीत लिहून डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी सांगितलं, "बाळाचं डोकं खाली, वार वर, रक्त आणि बीपी ठीक, तरच पुढचं बोलू. आणि बाळाचे ठोके बिघडले तर सिझरला नाही म्हणायचं नाही." सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९ होतं. लोहाची गोळी लिंबू-सरबताबरोबर घ्यायची, त्याच्या आगेमागे चहा नाही, असं करत नवव्यात ते ११वर आलं. सकाळ-संध्याकाळ चालणं आणि उकिडवं बसणं सुरू होतंच.

श्वास मात्र आईनं शिकवला. आजी जात्यावर दळायची तेव्हा ओवीची एक ओळ एका श्वासात सोडायची, खुंटा पूर्ण फिरेपर्यंत. आई माझ्यामागं बसायची, कमरेवर तळहात दाबायची आणि हुंकार द्यायची. मी तेवढाच लांब श्वास सोडायचा. जबडा सैल, खांदे खाली. रोज रात्री वीस मिनिटं आम्ही हे केलं. बाईनं घाबरून अंग आवळलं की कळ जास्त लागते, हे डॉक्टरबाई त्यांच्या भाषेत सांगायच्या, आई म्हणायची, "कशाला भेलालीस? कळ आली तशी जाते."

कळा पहाटे सुरू झाल्या. दुपारपर्यंत घरीच चालले, पेज प्यायले. दवाखान्यात गेल्यावर आईला दाराबाहेर थांबवलं आणि मला उताणं झोपवलं. "अजून तीनच बोटं," असं कुणीतरी म्हणून गेलं. ते दोन तास मी श्वास विसरले, पलंगाची दांडी धरून नुसती ओरडले. मग डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी आईला आत बोलावलं. तिनं कमरेवर हात ठेवला, हुंकार दिला, आणि माझा श्वास जागेवर आला. कळा कमी झाल्या नव्हत्या, उलट वाढल्याच होत्या. मी उठले, खिडकीचे गज धरून झुलले. मधून मधून सिस्टर ठोके मोजत होत्या. रात्री साडेनऊला मुलगी झाली, दोन किलो नऊशे ग्रॅम. दोन टाके पडले. तिला ओलीच छातीवर ठेवली.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ नात्यातली, स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई थांबू शकते, हे केंद्र सरकारनं त्याच वर्षी फेब्रुवारीत जाहीर केलं होतं. मला ते माहीत नव्हतं. २०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, की कळा देताना बाईजवळ तिला हवं ते माणूस असावं, तिला हिंडू-फिरू द्यावं, आणि गर्भपिशवीचं तोंड दर तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे असा हिशेब लावू नये. मी "तीनच बोटं" ऐकून खचले होते, ते विनाकारण.

औषधाविना बाळंत झाले याचा मला मोठेपणा वाटत नाही. सिझर झालेली बाईही तेवढीच आई असते. पण तयारीविना, एकटीनं कळा सोसायला लावणं चूक आहे. तुमच्या घरी कुणाला दिवस गेले असतील, तर बाळंतविडा भरण्याआधी सातव्या महिन्यातच दवाखान्यात विचारून ठेवा: कळा येतील तेव्हा हिच्याजवळ कोण थांबणार?