हा आमचा नव्हे

नागपंचमी जवळ आली की आमच्या पेडण्याच्या चित्रशाळेत पाट येऊ लागतात. तेलकट, झिजलेले, एखादा कोपऱ्यात किडलेला. मागे खडूने घराण्याचे नाव. कोणत्या पाटावर कोणता गणपती बसायचा हे ठरलेलेच: या घरी लोडाला टेकलेला, त्या घरी ताठ बैठकीचा. आजोबांनी ज्या घराला जो दिला, त्या घराला मी तोच देतो.

मग यात तुमचे असे काय, हा प्रश्न तिशीत मलाही छळायचा. एका वर्षी एका घरचा गणपती मी मनाप्रमाणे घडवला. कंबरेला बाक दिला, मुकुट उंच केला, चेहरा निमुळता. मूर्ती खरोखर चांगली उतरली होती. त्या घरची आजी बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "बरा झालाय रे पुता, पण हा आमचा नव्हे."

चवथ बारा दिवसांवर. बाबांनी न बोलता मळलेला गोळा माझ्यापुढे ठेवला.

माती डिचोलीकडची. खडे वेचायचे, भिजवायची, कापूस घालत कुटायची; तळव्याला चिकटेनाशी झाली की तयार. श्रावणाच्या दमट हवेत ती वाळता वाळत नाही. घाईने बल्बखाली ठेवली तर मानेपाशी केसाएवढी चीर जाते. वरवर बुजवली तर रंगाखालून पुन्हा उघडते. खरवडून, आतपर्यंत ओलावून नव्याने भरावी लागते. त्या घाईत मी हे दोनदा केले. आणि गाल जमेनात. तो फुगवटा आजोबांच्या रुंद अंगठ्याचा होता, माझा अंगठा बारीक. शेवटी तळहाताच्या उशीने दाबला, तेव्हा गाल आला. मनाप्रमाणे घडवताना माझ्या हाताला इतके काही शोधावे लागले नव्हते.

पेडणे पोर्तुगिजांकडे गेले 1788 मध्ये; तोवर त्यांच्या धार्मिक सक्तीचा जोर ओसरला होता. त्यांनी आधीच जिंकलेल्या जुन्या काबिजादीत मूर्तींवर बंदी आलेली, तिथली काही घराणी आजही कागदावरच्या गणपतीची पूजा करतात. आमच्या हातातली माती सुटली नाही, हे मी फार मोठे भाग्य मानतो. आता माती मळायला पोरे मिळत नाहीत. 2023 पासून मोपाच्या विमानतळावर ड्युटी असते. त्यांना दोष कसा देऊ?

विसर्जनानंतर काठची मूठभर माती पाटावरून घरी नेतात. पुढल्या वर्षी पाट येतो तेव्हा त्याच्या फटीत तिची सुकलेली रेघ असते. सुरीच्या टोकाने मी ती काढतो आणि त्याच घरच्या गोळ्यात मळतो.