सीताबर्डीची टेकडी

मागील स्वातंत्र्यदिनी सीताबर्डीचा किल्ला लोकांस पाहावयास खुला होता, तेव्हा मी वर्गातील काही मुलांस घेऊन गेलो. तटाजवळ उभे राहून १८१७ च्या लढाईची हकीकत सांगत असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यात आपली माणसे कोणती?" प्रश्न साधा होता, परंतु मला उत्तर चटकन सुचेना.

खडकीची लढाई होऊन तीन आठवडे झाले होते. २६ नोव्हेंबरच्या सायंकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने टेकडीवरील इंग्रजी तळावर मारा सुरू केला. रात्रभर झुंज चालली. सकाळी अरबांनी धाकटी टेकडी घेतली व तेथून मोठ्या टेकडीवर तोफ डागली. पण दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्यांच्यात गोंधळ उडाला, आणि दुपारपर्यंत भोसल्यांचा पराभव झाला. इंग्रजांकडील साडेतीनशेहून अधिक लोक मेले वा घायाळ झाले.

परंतु हे लोक कोण? अंमलदार गोरे, पायदळ मद्रासकडील, घोडेस्वार बंगालच्या फौजेतील. टेकडीखाली रेसिडेन्सीत शिपायांची बायकामुले जीव मुठीत धरून बसली होती. भोसल्यांचे निधडे अरबही पोटासाठीच समुद्रापलीकडून आलेले. १६ डिसेंबरला भोसल्यांची छावणी मोडली, तरी अरबांनी शहर सोडले नाही. २४ तारखेस जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधीद्वारावर, चालून आलेल्या फौजेस त्यांनी मागे रेटले. अखेर आपली कुटुंबे व सामान सुखरूप नेऊ द्यावे, या अटीवर ते बाहेर पडले.

आमचा मूळ पुरुष मद्रासी पलटणीबरोबर कामठीच्या छावणीत आला, असे आजी सांगे. शाळेत असताना ही गोष्ट मी लपवीत असे. शत्रूच्या चाकराचा वंशज म्हणून कोणी हिणवील, अशी भीती वाटे. त्या दिवशी मात्र मी ती मुलांस प्रथमच सांगितली.

मग म्हणालो, "बाळांनो, पक्ष भोसल्यांचाच आपला होता, तो पडला आणि १८५४ त नागपूरचे राज्य खालसा झाले. पण दोन्हीकडची माणसे पोटाला बांधलेली होती. कंपनी पगार वेळेवर देई, म्हणून आपल्याच लोकांच्या हातून आपला देश गेला. हे सांगताना मला लाज वाटते. पण त्या शिपायास परका म्हणणे माझ्याने होत नाही."

मुले काही वेळ गप्प होती. मग प्रश्न विचारणाऱ्याने हळूच विचारले, "सर, त्या बायकामुलांचे पुढे काय झाले?" इतिहासाचा याहून चांगला प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही.