ईमचा दगड

अक्षरें पाहून ज्याला कोणीहि ‘एयाम’ म्हणेल, त्या गांवाचा खरा उच्चार ‘ईम’ असा आहे. सारा जन्म इंग्रजी शिकविण्यांत घालवूनहि हें आम्हांस बसच्या चालकाकडून शिकावें लागलें! डर्बीशायरच्या डोंगरांतील हें खेडें शेफील्डहून एका दिवसांत पाहून येण्यासारखें आहे. गेल्या जानेवारींत मुलीकडे मुक्काम असतां तिच्यासह आम्ही तेथें गेलों. बर्फ पडून गेलें होतें. रस्त्यावर चिटपाखरूं नव्हतें.

१६६५ च्या सप्टेंबरांत लंडनहून येथील एका शिंप्याकडे कापड आलें व त्याबरोबर प्लेग आला, असें सांगतात. पुढच्या जूनमध्यें पाद्री विल्यम माँपेसन आणि त्याच्या आधींचा पदच्युत पाद्री टॉमस स्टॅन्ली यांनीं मतभेद विसरून गांवकऱ्यांस विनविलें कीं, कोणीं शीव ओलांडूं नये. सुमारें २६० माणसें मेलीं. आसपासचीं गांवें वांचलीं, असें मानतात. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईनें आठ दिवसांत नवरा व सहा मुलें स्वतःच्या हातांनीं पुरलीं.

शिवेवर एक ओबडधोबड दगड आहे. त्याच्या भोंकांत व्हिनेगर ओतून गांवकरी पैसे ठेवीत आणि बाहेरचे लोक अन्न ठेवून जात. बर्फ झाडून आम्हीं एका भोंकांत बोट घातलें.

आमच्याकडची रीत उलटी. १८९७ नंतरच्या प्लेगांत पणजोबांनीं गांव सोडून रानांत झोपडी बांधली. आपल्याकडे प्लेग उंदरांच्या पिसवांनीं पसरे. तेव्हां घर सोडण्यांत शहाणपणच होतें. २०२० सालीं आम्हीं तिसरीच रीत काढली. मुंबईहून थोरल्या चुलतबंधूंचा फोन आला, “गांवीं येऊं का रे?” आम्ही म्हणालों, “दादा, सध्यां नियम फार कडक आहेत.” नियम होतेच, पण मळ्यांतील घरांत चौदा दिवस वेगळें राहण्याची मुभा होती, हें आम्हीं सांगितलें नाहीं. दादा आजारी पडले, वांचले. पण आमच्या उंबऱ्याला त्यांचे पाय पुन्हां लागले नाहींत.

चर्चच्या आवारांत माँपेसनची पत्नी कॅथरीन हिचें थडगें आहे. ती नवऱ्यापाशीं राहिली आणि १६६६ च्या ऑगस्टांत गेली. त्यांनीं आपलीं दोन मुलें मात्र आधींच यॉर्कशायरला पाठविलीं होतीं. हें वाचून आम्हांस क्षणभर बरें वाटलें. थोरांनाहि आपलीं माणसें आधीं आठवतात! मग मनांत आलें, दादा आमचे कोण होते?

परतीच्या बसमध्यें पत्र लिहावयास घेतलें. ‘ती. दादांस’ यापुढें हात चालेना. बोटें गारठलीं आहेत, असें आम्हीं मुलीला सांगितलें.